उष्णता न सोसणाऱ्यांची थीम पार्कची सहल

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की थीम पार्कच्या प्रवेशद्वारांवर रांगा लागू लागतात आणि नेमके हेच दिवस उन्हाच्या तडाख्याचे असतात. निरोगी माणसाला हा उकाडा त्रासदायक वाटतो. टोपी, थंड सरबत आणि सावलीतील घडीभर विश्रांती यांवर त्याचे भागते. परंतु काही आजारांमध्ये उष्णता ही केवळ गैरसोय राहत नाही, ती शरीराचे कामकाजच मंदावते. सकाळी स्वतःच्या पायांनी उद्यानात शिरलेल्या व्यक्तीचे पाय दुपारी शिशासारखे जड होतात, डोळ्यांपुढे धुके दाटते, बोलणे अडखळते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने सोबतच्या मंडळींच्या तोंडून ‘आत्तापर्यंत तर बरी होतीस’ असे उद्गार निघतात आणि रुग्णाच्या त्रासात अपराधीपणाची भर पडते.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे अशा आजारांचे सर्वांत ठळक उदाहरण होय. अशा रुग्णांनी सहलीवर पाणीच सोडावे काय? वैद्यकशास्त्राचे उत्तर तसे नाही. शरीराचे तापमान वाढूच नये याची तजवीज आधीपासून केली, तर बहुतेकांना दिवसाचा बराच भाग आनंदात घालवता येतो. तापमान चढल्यानंतर ते उतरविण्यासाठी केलेली धावपळ मात्र बहुधा उशिराची ठरते.

अर्ध्या अंशाचा फरक

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या चेता यांमधील तंतूंवर असलेल्या मायलिन या मेदयुक्त आवरणावर हल्ला करते. हे आवरण झिजलेल्या तंतूंमधून संदेश पुढे जातो, पण जेमतेम. शरीराचे तापमान वाढले की तंतूंच्या पटलावरील सोडियमची सूक्ष्म द्वारे नेहमीपेक्षा लवकर मिटतात. निरोगी तंतूला त्याने फरक पडत नाही. झिजलेल्या तंतूत मात्र आधीच क्षीण असलेला संदेश वाटेतच थांबतो. त्यासाठी ज्वर यावा लागत नाही. शरीराच्या आतील तापमानात अर्ध्या अंश सेल्सियसची वाढही काही रुग्णांना पुरते.

विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये या प्रकाराची नोंद केली. श्रम केल्यानंतर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंद होते, असे त्यांना आढळले. श्रमांपेक्षा श्रमांतून निर्माण होणारी उष्णता त्यास कारणीभूत आहे, हे पुढे स्पष्ट झाले. एमआरआय तपासणी रूढ होण्यापूर्वी या गुणधर्माचा उपयोग निदानासाठीही केला जाई. रुग्णास गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे प्रकट होतात का, हे पाहिले जात असे. ही चाचणी आता मागे पडली असली, तरी उथॉफ यांचे नाव या लक्षणाला कायमचे चिकटले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना उष्णतेने त्रास होतो.

यातील दिलासा असा, की उष्णतेने उफाळलेली ही लक्षणे तात्पुरती असतात. शरीर थंड झाले की ती ओसरतात आणि तंतूंची नवी हानी झालेली नसते. खरा धोका लक्षणापेक्षा त्या क्षणी रुग्ण कोठे आहे यात असतो. जिन्यावर, पाण्यात किंवा फिरत्या पाळण्यातून उतरताना पायांतील बळ गेले, तर अपघात होऊ शकतो. म्हणूनच सहलीचे नियोजन हा या रुग्णांसाठी उपचाराचाच भाग ठरतो.

उद्यानात उष्णता कोठून येते?

माणसाचे शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेला, तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. परंतु नुसता गळून जमिनीवर पडलेला घाम काहीच नेत नाही. हवा दमट असेल तर घाम उडत नाही, निथळतो. त्यामुळे मुंबई, रायगड किंवा गोव्यातील ३४ अंशांचा दिवस विदर्भातील त्याच तापमानाच्या कोरड्या दिवसापेक्षा शरीराला अधिक जड जातो. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. किनारपट्टीवरील ऊन किती घातक ठरू शकते, याचा तो कटू धडा होता.

थीम पार्कमध्ये या हवामानात आणखी तीन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे डांबर, काँक्रीट आणि फरशी यांतून वर येणारी धग. दुसरी म्हणजे चालणे. हालचाल करणारे स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात आणि मोठ्या उद्यानात दिवसभरात काही किलोमीटर सहज चालणे होते. तिसरी म्हणजे रांग. कठड्यांमध्ये दाटीवाटीने उभे राहिलेल्या माणसांभोवती हवा खेळत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले, त्या दिवशी कडक ऊन होते. प्लंबर कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची अनेक कारंजी बंद होती आणि नुकतेच घातलेले डांबर मऊ होऊन महिलांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. सावली, पाणी आणि पायाखालची जमीन या तीन गोष्टींवर उद्यानातील दिवस अवलंबून असतो, हे पहिल्याच दिवशी दिसून आले.

दिवस कोणता, वेळ कोणती?

सर्वांत परिणामकारक उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे योग्य दिवसाची निवड. महाराष्ट्रात डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ या रुग्णांसाठी उत्तम. ऑक्टोबरमधील उकाडा फसवा असतो. पाऊस संपलेला, पण जमिनीत व हवेत ओल भरपूर. पावसाळ्यात तापमान उतरले तरी आर्द्रता चढलेली असते आणि निसरड्या वाटांवर तोल जाण्याची भीती वाढते. अमेरिकेतील मुलांकडे गेलेल्या आईवडिलांची फ्लोरिडातील ऑर्लँडोची सहल बहुधा शाळांच्या सुटीत, जून ते ऑगस्टमध्ये ठरते. तेथील उन्हाळा मुंबईसारखाच दमट असतो आणि दुपारी विजांसह पाऊस येऊन उघड्यावरील राईड्स थांबवल्या जातात. रुग्ण सोबत असेल, तर ही सहल हिवाळ्यात ढकलणे श्रेयस्कर.

दिवसातील वेळेलाही शरीराचे स्वतःचे गणित आहे. आतील तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार उलटल्यावर ते संध्याकाळच्या सुमारास सर्वाधिक असते. या दोहोंतील अंतर साधारण अर्धा ते एक अंश भरते. ज्याला अर्धा अंशही पुरतो, त्याच्या बाबतीत दुपारचे ऊन आणि शरीराची ही नैसर्गिक चढण यांची बेरीज होते. म्हणून दरवाजे उघडताच आत जावे, आवडीच्या उघड्यावरील राईड्स पहिल्या दोन तासांत आटोपाव्यात आणि दुपारी बारा ते चार वातानुकूलित ठिकाणी घालवावेत. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकासारख्या उद्यानात काही आकर्षणे बंदिस्त सभागृहांत आहेत. तिकीट काढण्यापूर्वीच उद्यानाचा नकाशा घेऊन अशा जागांवर खूण करून ठेवावी. बंदिस्त आकर्षणासाठीची रांग मात्र उन्हात असू शकते, ही बाब फोनवरून विचारून घ्यावी.

थंडाव्याची साधने

घरून निघण्यापूर्वी शरीर थंड करून घेणे, ही युक्ती अनेकांना ठाऊक नसते. कोमट पाण्यापासून सुरुवात करून ते हळूहळू गार करत वीस ते तीस मिनिटे अंघोळ केली, तर पुढे उन्हात तापमान चढण्यास अधिक वेळ मिळतो. प्रवास वातानुकूलित वाहनातून झाल्यास ही पुंजी टिकते. उन्हात उभ्या राहिलेल्या तापलेल्या गाडीत बसल्यास ती वाटेतच संपते.

कूलिंग जॅकेटची कल्पना अंतराळवीरांच्या पोशाखात खेळविल्या जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळ्यांशी नाते सांगते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर अशा पोशाखांचा अभ्यास नासाच्या सहभागाने झाला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चालणे व दृष्टी यांत माफक सुधारणा दिसून आली. बाजारातील जॅकेटांचे साधारण तीन प्रकार आहेत. पाण्यात भिजवून घालण्याचे जॅकेट हलके व स्वस्त असते, परंतु त्याची भिस्त बाष्पीभवनावर असल्याने नागपूर वा सोलापूरच्या कोरड्या हवेत ते चांगले काम करते आणि कोकणात निराश करते. बर्फाच्या किंवा जेलच्या पिशव्यांचे जॅकेट दमट हवेतही उपयोगी, मात्र ते वजनदार असते व पिशव्या पुन्हा गोठवाव्या लागतात. तिसऱ्या प्रकारात ठरावीक तापमानाला वितळणारा पदार्थ भरलेला असतो. तो बर्फाइतका बोचरा नसतो आणि साधारण दोन तास गारवा देतो.

जॅकेट नसेल तरी अडत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली सुती पंचात गुंडाळून मानेवर किंवा काखेत धरावी. वितळली की तेच पाणी प्यावे. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये, कारण बधिर झालेल्या त्वचेला इजा कळत नाही. दर तासाला नळाखाली कोपरांपर्यंत हात धरून काही मिनिटे उभे राहिल्यास बराच आराम मिळतो, कारण हातांच्या त्वचेजवळून भरपूर रक्त वाहते. कपडे सैल, फिके व सुती असावेत. टोपीपेक्षा छत्री बरी. तिच्या सावलीत डोक्याभोवतीची हवाही खेळती राहते. काही रुग्णांचे स्नायू अति गारव्याने आखडतात, त्यामुळे कोणतेही नवे साधन प्रथम घरी वापरून पाहावे. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असेल तर कोरड्या अंगावर पंख्याचा वारा घेणे उपयोगाचे नसते, उलट तापलेली हवा शरीर अधिक तापवते. पॅरासिटामॉलची गोळी ज्वर उतरवते. उन्हाने चढलेल्या तापमानावर तिचा उपयोग होत नाही.

पाणी आणि स्वच्छतागृह

थंड पाण्याचा परिणाम केवळ तहान भागविण्यापुरता नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यायामादरम्यान अगदी थंड पाणी पिणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना कोमट पाणी पिताना जमले त्यापेक्षा अधिक वेळ व्यायाम करता आला. विशेष म्हणजे शरीराच्या आतील तापमानात फरक नसतानाही हे घडले. तोंडातील व पोटातील गारव्याची संवेदना मेंदूला उसंत देत असावी. थर्मासमध्ये बर्फाचे पाणी, ताक किंवा कोकम सरबत नेणे त्यामुळे उपयुक्त ठरते. घाम फार येत असेल तर जलसंजीवनीचे पाकीट जवळ असावे. मद्य वर्ज्य.

या आजारात मूत्राशयावरचा ताबा कमी झालेला असतो. परगावी, गर्दीत स्वच्छतागृह सापडणार नाही या धास्तीने अनेक रुग्ण, विशेषतः महिला, सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. उन्हात असे करणे धोक्याचे आहे. नकाशावर वातानुकूलित जागांबरोबर स्वच्छतागृहांवरही खूण करावी आणि दिवसाचा मार्ग त्यानुसार आखावा. पाणी तोडण्यापेक्षा अंतर तोडावे.

रांग, नियम आणि परवानगी

आपल्याकडील बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते आणि तपासणीत थर्मास किंवा बर्फाच्या पिशव्या अडवल्या जाऊ शकतात. प्रवेशद्वारावर हुज्जत घालण्याऐवजी आधी ईमेलने वा दूरध्वनीवरून परवानगी मिळवावी आणि उत्तराची प्रत सोबत ठेवावी. रुग्णास उष्णता सोसत नाही, थंड पाणी, आइस पॅक व औषधे जवळ बाळगणे आवश्यक आहे, अशा आशयाचे डॉक्टरांचे अर्ध्या पानाचे पत्र पुरेसे होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्र वा युडीआयडी कार्ड असल्यास ते दाखवावे. न दिसणारा आजार समजावून सांगण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना व कुटुंबीयांना आजाराविषयी मार्गदर्शन करते.

परदेशातील नियम निराळे आहेत आणि ते बदलतही असतात. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस ही सोय २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे प्रत्यक्ष रांगेत न थांबता ठरलेल्या वेळी परतता येते. मात्र २०२४ मध्ये तिचे निकष कडक करण्यात आले आणि ती प्रामुख्याने ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक विकारांमुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी राखली गेली. केवळ उष्णता सोसत नाही या कारणास्तव ती मिळेल, असे गृहीत धरून तिकिटे काढू नयेत. तेथे छोटी शीतपेटी आत नेता येते, पण सुट्या बर्फास मनाई असल्याने जेलच्या पिशव्या वापराव्या लागतात. झटपट खाद्यपदार्थांच्या दुकानांत बर्फाचे पाणी मागितल्यास विनामूल्य मिळते.

व्हीलचेअरविषयी अनेकांच्या मनात संकोच असतो. चालू शकणाऱ्या माणसाने तीत बसणे म्हणजे हार मानणे, अशी ती समजूत. वस्तुतः चालण्याने निर्माण होणारी उष्णता वाचविणे हाही थंड राहण्याचाच एक मार्ग आहे. दोन आकर्षणांमधील लांबचे अंतर खुर्चीतून पार करून पायांतील बळ राईडसाठी राखून ठेवणे, यात कमीपणा कसला?

वॉटर पार्कचा मोह

उष्णता सोसत नाही, तर पाण्यातच जावे, हा विचार स्वाभाविक आहे आणि काही अंशी योग्यही. गार पाण्यात शरीराचे तापमान चढत नाही. परंतु घसरगुंड्यांचे उंच जिने चढताना श्रम होतात, तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालावे लागते आणि पायांतील संवेदना कमी असेल तर चटका कळतही नाही. उथळ तलावातील पाणी दुपारपर्यंत कोमट होते. गरम पाण्याचे टब, जाकुझी आणि वाफेच्या खोल्या यांपासून रुग्णाने कटाक्षाने दूर राहावे. पायांतील शक्ती अचानक गेल्यास कंबरभर पाणीही जीवघेणे ठरू शकते. लाटांच्या तलावात एकटे उतरू नये. सोबतीस आजाराची कल्पना असलेली, पोहणे येणारी व्यक्ती असावी.

इतर आजार आणि औषधे

ही काळजी एकाच आजारापुरती नाही. हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया या आनुवंशिक विकारात घामाच्या ग्रंथी अपुऱ्या असतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ च्या एका ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्यातील चार पिढ्यांमधील दहा पुरुषांना दात अगदी थोडे होते, अंगावर केस विरळ होते आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांना फार त्रास होई. हाच तो विकार, असे मानले जाते. अशा मुलांना घाम येत नसल्याने ओले कपडे हाच त्यांचा घाम ठरतो आणि तो पालकांना वारंवार पुरवावा लागतो. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेखालील भागात घाम नीट येत नाही. पॉट्स या विकारात उन्हात उभे राहिल्याने हृदयाचे ठोके वाढून घेरी येते. त्यांच्यासाठी रांगेतील घडीची खुर्ची ऐषआराम नव्हे, गरज आहे.

औषधांकडेही लक्ष हवे. मूत्राशयासाठी दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन घाम कमी करते. अपस्मार व अर्धशिशीवरील टोपिरामेट हे औषधही, विशेषतः मुलांमध्ये, घाम रोखू शकते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी घटते. ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सहलीपूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

धोक्याची खूण

दृष्टी मंदावणे, पाय जड होणे, मुंग्या येणे अशी ओळखीची लक्षणे दिसताच ‘एवढी एक राईड करून थांबू’ हा विचार सोडून थेट गारव्यात जावे. बहुतेकांना तासाभरात बरे वाटते. गारव्यात विश्रांती घेऊनही लक्षणे चोवीस तासांहून अधिक टिकली किंवा पूर्वी कधी न आलेले लक्षण उद्‌भवले, तर तो आजाराचा नवा झटका किंवा एखादा जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

उष्माघात मात्र याहून सर्वस्वी वेगळा आहे आणि तो कोणालाही होऊ शकतो. बोलण्यात असंबद्धता, झटके, शुद्ध हरपणे आणि भाजल्यासारखी तापलेली त्वचा ही त्याची लक्षणे होत. त्वचा कोरडीच असेल असे नाही. घाम येत असतानाही उष्माघात होतो. ‘हा तर तिचा नेहमीचा त्रास’ असे म्हणून येथे थांबणे घातक ठरेल. रुग्णास सावलीत आडवे करावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

सहलीच्या आदल्या दिवशी घरच्यांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवून ठेवणे हिताचे. थांबायचे असल्यास रुग्णाने कोणता शब्द उच्चारावा, त्या वेळी सोबत कोणी यावे आणि बाकीच्यांनी कोठे भेटावे. हे आधी ठरलेले असले की एका माणसाच्या विश्रांतीने साऱ्यांचा दिवस मोडत नाही आणि दुसऱ्यांचा दिवस मोडेल या भीतीने रुग्ण त्रास लपवीतही नाही. बारापैकी पाच राईड्स झाल्या, दुपार थंड सभागृहात गेली आणि संध्याकाळी सर्व जण आपापल्या पायांनी बाहेर पडले, तर ती सहल यशस्वी झाली असेच म्हणावे लागेल.